मागचा पाय चोरणारा वयस्क घोडा: दुखणं कुठे आहे ते शोधायचं कसं

"दादा, आज उजवीकडे कॅन्टरला घेतला की शेपटी मारतोय."

आमच्या साईसकाकांचं (साईस म्हणजे घोड्याची निगा राखणारा, कॅन्टर म्हणजे दुडकीहून वेगवान चाल) हे वाक्य म्हणजे बादलच्या लंगडण्याची पहिली खबर होती. मी ती ऐकली आणि सोडून दिली. बादल तेव्हा 17 वर्षांचा होता. पुण्याच्या रेसकोर्सवरून तरुणपणीच बाहेर पडलेला कुमैत (तांबूस-तपकिरी) थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, पुढची सगळी वर्षं शो जम्पिंगमध्ये काढलेली. वय झालं, कंटाळला असेल, असं आम्ही धरून चाललो. पुढच्या आठ महिन्यांत खोगीर बदललं, नाल बदलले, एक्स-रे काढले, त्यात हॉकच्या, म्हणजे मागच्या पायातल्या मधल्या सांध्यात झीज दिसली म्हणून तिथे इंजेक्शनं दिली. दुखणं तिथे नव्हतं. ते आठ महिने त्या घोड्याने आमच्यासाठी दुखऱ्या पायावर उड्या मारल्या, आणि याचं मला आजही फार वाईट वाटतं.

ज्यांच्याकडे पहिल्यांदाच असा मुरलेला, वय झालेला स्पर्धेचा घोडा आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. क्रम मोडू नका, एवढंच माझं मागणं आहे. आधी कुठला पाय, मग पायातली कुठली जागा, आणि शेवटी दुखण्याचं नाव. आम्ही नावापासून सुरुवात केली होती. पंधरा वर्षं काम केलेल्या घोड्याचा कुठलाही सांधा एक्स-रेमध्ये पाहिला तरी काही ना काही सापडतंच. सापडलेलं तेच दुखतंय असं मात्र नसतं.

आधी हे बघा: थांबायचं की बघायचं

काही वेळा शोधत बसायचं नसतं, थेट डॉक्टरांना फोन करायचा असतो. घोडा पाय अजिबात टेकवत नाही. सांध्याजवळ जखम आहे, मग ती नखाएवढी का असेना, कारण सांध्यात जंतू शिरले तर प्रश्न दिवसांचा नसून तासांचा असतो. पाय खांबासारखा सुजलाय आणि अंगात ताप आहे. किंवा काम झाल्यावर पुठ्ठे (मागच्या अंगाचे स्नायू) दगडासारखे घट्ट झालेत, घाम थांबत नाही आणि लघवी चहाच्या काढ्यासारखी गडद होतेय. या शेवटच्या प्रकारात स्नायूच मोडत असतात, त्यामुळे घोड्याला आहे तिथेच उभा ठेवा, तबेल्यापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका.

यातल्या कुठल्याही घोड्याला "जरा दुडकीवर बघू" म्हणून पळवायचं नाही. हाडाला चीर असेल तर त्या चार पावलांत ती पूर्ण मोड होऊ शकते.

थर्मामीटर तबेल्यात हवाच. विसाव्यात असलेल्या मोठ्या घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस आणि नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. फोनवर डॉक्टरांना हे दोन आकडे सांगितलेत तर तुमचा फोन वेगळ्याच गांभीर्याने घेतला जातो.

आणि डॉक्टर येईपर्यंत बुट, म्हणजे फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक, देऊ नका. त्याची पुडी प्रत्येक तबेल्यात असते आणि घोड्याचं दुखणं बघवत नाही म्हणून हात तिकडे जातो. पण वेदना झाकली की शोधायचं कशाच्या आधाराने? शिवाय वयस्क घोड्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना ती मानवेलच असं नाही.

उभ्या घोड्यावर हात फिरवा

सुरुवात खुरापासून, मागचा पाय असला तरी. आपल्याकडे पावसाळ्यात खूर महिनोन्महिने ओले राहतात, तळवा मऊ पडतो, एखादा खडा आत शिरतो आणि आत पू धरतो. काल ठीक असलेला घोडा आज तीन पायांवर उभा असेल तर बहुतेक वेळा हेच निघतं. खुराच्या वरच्या सांध्याच्या, म्हणजे फेटलॉकच्या, मागच्या दोन्ही कडांवर बोटांची टोकं अगदी हलकी ठेवा. निरोगी पायात तिथली नाडी जेमतेम लागते, खुरात दाह असेल तर ती बोटाला ठोके देते. चारही पाय तपासा, कारण एकट्या पायावरून काहीच समजत नाही. खुरात खिळा घुसलेला दिसला आणि डॉक्टर लवकर येणार असतील तर तो उपटू नका, त्यावर पाय पडणार नाही अशी सोय करा. खिळा आत असताना काढलेल्या एक्स-रेवरूनच तो कुठपर्यंत गेलाय ते दिसतं. धनुर्वाताची लस कधी दिली तेही शोधून ठेवा, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो.

मग वर या. मागच्या पायाचे सांधे नवख्या माणसाला गोंधळात टाकतात, म्हणून आपल्या पायाशी ताडून बघा. मागे टोक काढलेला मधला सांधा म्हणजे हॉक, तो आपला घोटा, आणि ते टोक म्हणजे आपली टाच. त्याच्या वर, पोटाच्या कडेला लपलेला स्टायफल म्हणजे आपला गुडघा. हॉकच्या खालचं सरळ हाड ती नळी. नळीच्या मागे, अगदी वरच्या टोकापासून सुरू होऊन फेटलॉकला खालून तोलून धरणारा जाड पट्टा म्हणजे सस्पेन्सरी लिगामेंट. हा पट्टा नीट लक्षात ठेवा.

घोडा सपाट जमिनीवर चारही पाय चौकोनात ठेवून उभा करा आणि सुरक्षित अंतरावरून मागून बघा. दोन्ही पुठ्ठे सारखे भरलेले आहेत का? जो पाय अनेक आठवडे चोरला जातो त्याच्या बाजूचा स्नायू उतरतो. बाजूने बघताना मागचे फेटलॉक पूर्वीपेक्षा खाली बसलेत का तेही पाहा. म्हाताऱ्या घोड्यात सस्पेन्सरी हळूहळू सैल पडत गेला की असं होतं.

आता नाल. नालबंद आला की उतरवलेले नाल लगेच भंगारात टाकू देऊ नका, खडूने खूण करून जोडीने शेजारी ठेवा. मला आमच्या तबेल्यातली ती फळी अजून दिसते: बादलच्या मागच्या उजव्या नालाचं टोक शाबूत, आणि डाव्याचं चपटं, कडेला सुरीसारखं झिजलेलं. त्या पायाचं टोक प्रत्येक पावलाला जमिनीवर घासत होतं. महिनोन्महिने पुरावा समोर होता आणि आम्ही तो बादलीत फेकत होतो.

कुठला पाय?

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

सपाट, टणक आणि न घसरणारी 25-30 मीटरची पट्टी शोधा. घोडा धरणाऱ्याला सांगा की दोर सैल सोड, डोकं ओढून धरू नकोस. आधी पावली, मग दुडकी. तुमच्यापासून दूर जाताना, तुमच्याकडे येताना, आणि बाजूने. कॅन्टर यासाठी कामाचा नाही. दुडकीत दोन्ही बाजूंचे पाय सारखंच काम करतात, म्हणून फरक तिथे उघडा पडतो.

पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगल्या पायावर खाली आणतो. हे सगळ्यांना शिकवलेलं असतं, आणि मागच्या पायाच्या बाबतीत नेमकं हेच फसवतं. दुडकीत पाय तिरप्या जोडीने पडतात. मागचा डावा टेकतो तेव्हाच पुढचा उजवा टेकतो. मागचा डावा दुखत असला तर त्यावर वजन येऊ नये म्हणून घोडा त्या क्षणी डोकं खाली घालून वजन पुढे ढकलतो. बघणाऱ्याला काय दिसतं? पुढचा उजवा टेकताना डोकं खाली गेलं, म्हणजे उजवा चांगला, म्हणजे पुढचा डावा लंगडा. दुखणं मागच्या डाव्यात, उपचार पुढच्या डाव्यावर! डोकं हललं की त्याच बाजूचा मागचा पाय आधी बघायचा, अशी सवयच लावून घ्या.

मागचा पाय डोक्यावरून ठरत नाही, कमरेवरून ठरतो. पुठ्ठ्यांच्या पुढे दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे हाताला लागतात. दोन्हींवर पांढऱ्या चिकटपट्टीचे सारखे तुकडे लावा आणि घोडा दूर पळवत असताना मागून बघा. जो तुकडा जास्त वर-खाली होतो, तो पाय दुखरा. मोबाइल पुठ्ठ्यांच्या उंचीवर स्थिर धरून स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि निदान वीस पावलं बघा. एखाद्या पावलावरून ठरवू नका, घोडा खड्याला बिचकला तरी पाऊल चुकतं. बाजूने केलेल्या चित्रणात फेटलॉककडे लक्ष द्या: चांगल्या पायाचा फेटलॉक वजनाखाली जास्त खाली बसतो, चोरलेल्या पायाचा कमी.

एकदा डोळे मिटूनही ऐका. टणक जमिनीवर चांगल्या पायाची टाप जोरात वाजते, दुखऱ्याची हलकी. आमच्या साईसकाकांना घोडा पाठमोरा असतानाही कळायचं ते यामुळेच.

सरळ रेषेत काही दिसलं नाही तर लंजवर (लांब दोरावर) गोल फिरवा, डावीकडे आणि उजवीकडे, शक्य असल्यास टणक आणि मऊ अशा दोन्ही जमिनींवर. हाडा-सांध्यांचं आणि खुराचं दुखणं साधारण टणक जमिनीवर वाढतं, लिगामेंटचं मऊ वाळूत. सस्पेन्सरीचा त्रास असलेला पाय वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला आला की बऱ्याचदा जास्त दिसतो. हे ठोकताळे आहेत, त्यावरून निदान करायचं नसतं, पण लिहून ठेवा.

काही घोडे हातात धरून स्वच्छ धावतात आणि स्वार बसला की लंगडतात. म्हणून स्वाराखालीही बघा, आणि स्वाराला विचारा. एका बाजूचं डायगोनल (दुडकीतली पायांची तिरपी जोडी, जिच्या तालावर स्वार उठतो-बसतो) बसायला अवघड जातं का? खोगीर सारखं एकाच बाजूला सरकतं का? मागच्या पायाच्या लंगडण्यात खोगीर सरकणं ही ओळखीची खूण आहे. एका बाजूचा कॅन्टर लागत नाही, ऑक्सरवर (दोन दांड्यांच्या रुंद अडथळ्यावर) मागच्या पायांनी दांडी पडते, शेपटी सारखी आपटते, कान मागे पडलेले राहतात, तोंड उघडं पडतं. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या अशा 24 वर्तनांची यादी केली आहे. त्यातली 8 किंवा जास्त दिसली तर घोडा दुखण्यात असण्याची शक्यता मोठी, असं त्यांचं निरीक्षण आहे. बादलची यादी मी नंतर आठवून भरली. काकांची ती "शेपटी मारतोय" तिच्यात होतीच.

किती लंगडतोय हे सांगायला जगभर 0 ते 5 अशी अमेरिकन मोजपट्टी बरीच वापरतात. 1 म्हणजे कधी दिसतं, कधी नाही. 2 म्हणजे सरळ चालीत दिसणं अवघड, पण वर्तुळात किंवा टणक जमिनीवर हमखास दिसतं. 3 म्हणजे दुडकीत नेहमी. 4 म्हणजे पावलीतही उघड. 5 म्हणजे वजनच घेत नाही. तारखेसकट आकडा वहीत लिहा.

आणि दोन्ही मागचे पाय दुखत असतील तर? मग डावं-उजवं दोन्ही सारखंच चोरलं जातं आणि घोडा लंगडत नाहीच. पावलं आखूड पडतात, मागून जोर येत नाही, उतारावर कुरकूर करतो. वयस्क घोड्यात हे इतकं सर्रास असतं की "आळशी झालाय" हा शब्द मी आता कुणाच्याही तोंडून खपवून घेत नाही.

हे लंगडणंच आहे ना?

मागचं टोक बिघडलेला प्रत्येक घोडा वेदनेने बिघडलेला नसतो. पाय मागे ताणलेला अडकतो आणि झटक्याने सुटतो, तेव्हा स्टायफलची वाटी अडकत असते. पावलीत पाय जमिनीवर येण्याआधी मागे खेचला जाऊन आपटतो, तेव्हा मांडीच्या स्नायूत जुन्या जखमेचा व्रण असू शकतो.

आपल्या देशात आणखी दोन गोष्टी डोक्यात ठेवायलाच हव्यात, परदेशी पुस्तकांत त्यांना फारसं स्थान नसतं. पहिली कुमरी. गाई-बैलांच्या पोटात राहणारा सेटारिया नावाचा जंत डासांमार्फत घोड्यात येतो, त्याच्या अळ्या भरकटून मज्जारज्जूत शिरतात आणि घोड्याची कंबर जाते. तबेल्याशेजारी गोठा असेल आणि पावसाळा नुकताच संपलेला असेल तर ही शंका जरूर घ्या. दुसरी सर्रा. रक्तातल्या परजीवीमुळे येणारा, माश्या पसरवतात तो रोग: ताप येतो-जातो, घोडा खंगतो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, मागचं अंग झोके खातं. त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

फरक कसा ओळखायचा? दुखरा घोडा ठरावीक लयीत चुकतो, प्रत्येक पाऊल सारखंच चोरतो. मज्जारज्जू बिघडलेल्याचं पाऊल दर वेळी वेगळीकडे पडतं. लहान वर्तुळात वळवला की पाय एकमेकांत अडकतात, चालताना शेपटी बाजूला ओढली की तो सहज खेचला जातो. अशा घोड्यावर कुणीही बसायचं नाही.

डॉक्टरांसोबत: पायातली जागा

डॉक्टर पाय वाकवून साधारण मिनिटभर धरतात आणि लगेच दुडकीवर सोडतात. याला फ्लेक्शन टेस्ट म्हणतात. तिच्यावर फार विसंबू नका. घोड्याचा हॉक आणि स्टायफल एकमेकांना असे जोडलेले आहेत की एक वाकवला की दुसरा वाकतोच, आणि त्यांच्यासोबत सस्पेन्सरीलाही दाब बसतो. म्हाताऱ्या घोड्यात तर दोन-चार पावलं आखडणं नेहमीचंच. दोन्ही पायांत मोठा फरक असेल तरच त्याला अर्थ.

खरं उत्तर भूल देते. पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून एकेका मज्जातंतूजवळ भुलीचं औषध द्यायचं, थांबायचं, पळवून बघायचं, मग एक टप्पा वर. लंगडणं ज्या टप्प्यावर थांबलं, दुखणं त्या भागात. अर्धा दिवस जातो, खर्च होतो, मागच्या पायाशी वाकून सुई टोचणं डॉक्टरांसाठी जोखमीचं असतं. म्हणून बरेच जण ते टाळून एक्स-रेवरून अंदाज बांधतात. आमचंही तेच झालं होतं. रेसच्या किंवा स्पर्धेच्या घोड्यांवर रोज काम करणारा, भूल देऊन शोधणारा डॉक्टर गाठा, त्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी. हाडाला चीर असल्याची शंका असेल तिथे मात्र आधी भूल नाही, कारण वेदना गेली की घोडा मोडक्या पायावर पूर्ण वजन टाकतो.

बादलचा तो दिवस सांगतो. खुराला भूल दिली, काही फरक नाही. फेटलॉकला दिली, तेच. मग नळीच्या मागे, सस्पेन्सरी जिथून सुरू होतो तिथल्या मज्जातंतूला दिली आणि कडुलिंबाच्या सावलीत दहा मिनिटं थांबलो. काकांनी दोर सैल सोडून पळवला. मागचा डावा स्वच्छ पडला, महिन्यांनी पहिल्यांदा. मी ओरडणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आता उजवा बघा." उजवा लंगडत होता. डाव्याची कळ जास्त होती म्हणून उजव्याची इतके दिवस दिसलीच नव्हती. घोड्याचं दुखणं "इकडून तिकडे फिरतंय" असं कुणी म्हणालं की मला हा क्षण आठवतो.

इथेही एक खाच आहे. त्या जागी दिलेली भूल कधीकधी पसरून हॉकच्या सगळ्यात खालच्या सांध्यालाही बधिर करते. म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तो सांधा वेगळा बधिर करून पाहिला, फरक पडला नाही, आणि मगच सोनोग्राफी केली. दोन्ही पायांचा सस्पेन्सरी जाडावलेला, डावा जास्त.

चित्रं काढायची ती अशी, जागा कळल्यावर. लिगामेंटला सोनोग्राफी, हाडाला एक्स-रे, आणि दरवेळी दुसऱ्या पायाशी तुलना. मागच्या पायात स्पर्धेच्या घोड्याला सर्वांत जास्त सतावणाऱ्या जागा दोन: हॉकचे खालचे दोन सांधे, जे हलतात थोडे आणि झिजतात फार, आणि सस्पेन्सरीचं वरचं टोक. त्यानंतर स्टायफल, फेटलॉक, आणि पाठीचा कणा जिथे कमरेच्या हाडाला जोडलेला असतो तो (सॅक्रोइलियक) सांधा. वयस्क घोड्यात एकाहून जास्त जागा सापडल्या तर नवल नाही.

सापडल्यावर

उपचार तुमचे डॉक्टर ठरवतील. पण हे प्रश्न तुम्ही विचाराच. सांध्यात स्टेरॉइड देणार असतील तर आधी कुशिंग्जची (म्हाताऱ्या घोड्यांना होणाऱ्या हार्मोनच्या आजाराची) रक्त तपासणी करू या का? म्हाताऱ्या घोड्याच्या अंगावरचे लांब, न झडणारे केस हे त्याचं लक्षण असतं, आणि अशा घोड्याच्या खुरांना दाह होण्याचा धोका मुळातच मोठा. स्पर्धा जवळ असेल तर औषध अंगातून जायला किती दिवस लागतील? बुटसारखी औषधं एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या) स्पर्धेत अंगात सापडली तर चालत नाहीत. मागच्या खुरांची टाच खाली बसली आहे का, हे नालबंद आणि डॉक्टर एकत्र उभे राहून बघतील का? टाच बसली की वरच्या सगळ्यावर ताण येतो. नाल 5-6 आठवड्यांनी बदलायचेच.

लिगामेंटला मुख्यतः वेळ लागतो. पुढच्या पायापेक्षा मागच्या पायाचा सस्पेन्सरी जास्त चिवटपणे त्रास देतो. हातात धरून चालवणं, रोजची मिनिटं ठरवून, दर काही आठवड्यांनी थोडी वाढवत. मग स्वाराखाली पावली. सोनोग्राफी पुन्हा चांगली आली तरच दुडकी. हे महिने मोजून काढावे लागतात. बादलला नऊ महिने लागले. उड्या त्याने परत मारल्या नाहीत. आता तो 21 वर्षांचा आहे आणि शिकाऊ मुलांना पाठीवर घेऊन सरळ रेषेत किंवा मोठ्या वर्तुळात दुडकी शिकवतो, मऊ वाळूत मात्र नाही.

परवा नालबंद येऊन गेला. जुने मागचे नाल काकांनी न सांगता खडूची खूण करून फळीवर जोडीने ठेवले होते. डाव्याचं टोक उजव्यापेक्षा किंचित पातळ वाटलं. रविवारी सकाळी चिकटपट्टी लावून त्याला पुन्हा पळवून बघणार आहोत.